नारोपंतांचा मध्यस्थ

बुधवार पेठेत नारोपंतांना कोणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते आधी आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून बघायचे, मग पायांकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "अजून आहे." विचारणारा हसायचा. मला मात्र हसू येत नसे. ज्या दारूखान्यात ते नोकरीला होते तिथेच मीही होतो, आणि रोज संध्याकाळी घरच्या पायरीवर पाय ठेवताना माझ्याही मनात नेमकं तेच यायचं.

दारूखाना म्हणजे तोफांची आणि बंदुकांची दारू तयार करण्याचा सरकारी कारखाना. कोथरूड गावाच्या वाटेवर, ओढ्याच्या काठाला, वस्तीपासून लांब. सोरा, गंधक आणि कोळसा एकत्र ओलसर करायचा आणि दगडी घाण्यात घोटायचा, हे तिथलं मुख्य काम. मी सोऱ्याची पोती उतरवून घेणारा कारकून, नारोपंत घाण्यावरचे अधिकारी. त्यांच्याआधी त्या जागेवर जे गृहस्थ होते त्यांचं नाव आम्ही तोंडातून काढत नसू. जुना घाणा उडाला तेव्हा गावात लोकांच्या देव्हाऱ्यातली भांडी वाजली होती. त्या गृहस्थांच्या घरच्यांना दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा लागला, कारण द्यायला दुसरं काही मिळालंच नाही.

त्यानंतर ती जागा घ्यायला कोणी तयार होईना. नारोपंतांनी ती घेतली तेव्हा पेठेत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. हा माणूस झोपाळ्यावर बसायचा नाही, कडी तुटेल म्हणून. विहिरीच्या काठाला जायचा नाही. श्रीमंतांचा हत्ती रस्त्याने येतोय असं कळलं की दोन गल्ल्या सोडून जायचा. आमच्या आळीत कोणीतरी त्यांना तोंडावर विचारलं, "पंत, तुमच्यासारख्या भित्र्या माणसाने तिथे कशाला जावं?"

"आधी धीट माणूस होता ना तिथे? मग?" नारोपंत म्हणाले आणि चालू लागले.

ते चालायचेही असे, की पायाखालची जमीन आपली नाही, कोणाकडून तरी मागून आणली आहे. किडकिडीत अंगाचे, थोडे वाकलेले, आणि नाक सतत काहीतरी हुंगत असलेलं. कुठेही गेले की आधी वास घ्यायचे. त्यांच्या बायकोला, उमाकाकूंना, याचा फार वैताग यायचा. "लोकांचे नवरे घरी आले की जेवायला काय आहे म्हणून वास घेतात. आमचे चूल विझली का म्हणून वास घेतात," असं त्या म्हणायच्या. काकूंना मूलबाळ नव्हतं. नवऱ्यावर त्या दिवसभर चिडायच्या आणि तो परतायची वेळ झाली की दाराशी येऊन उभ्या राहायच्या. ते उभं राहणं मी रोज पाहत असे, कारण मी त्यांच्याबरोबरच परतत असे. आम्ही दोघं वळणावर दिसलो की काकू चटकन आत जायच्या आणि वाट बघतच नव्हतो अशा आवाजात म्हणायच्या, "आलात का?"

दारूखान्याच्या फाटकावर नारोपंत स्वतः उभे राहून झडती घ्यायचे. चकमक, लोखंडी किल्ली, खिळे ठोकलेला जोडा, सुरी, कुलूप, काही म्हणजे काही आत न्यायचं नाही. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी पडते, आणि आत एक ठिणगी पुरे. माझ्या जानव्याला घरच्या पेटीची किल्ली बांधलेली असायची. ती मी सोडून ठेवीपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. आत गेल्यावर त्यांचं दुसरं काम सुरू. दोरीला बांधलेला लोहचुंबकाचा एक काळा खडा त्यांच्याजवळ होता. घाणा सुरू करण्याआधी ते तो खडा घाण्याच्या पाटावरून, दांड्यावरून, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायचे. गडी हसायचे. पंत दारूची दृष्ट काढतायत म्हणायचे. नारोपंत ऐकायचे आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून फिरवायचे.

एकदा एक मोठे सरदार घाणा बघायला आले. कमरेला तलवार, बरोबर चारसहा माणसं. नारोपंत फाटकात आडवे झाले. त्यांचे पाय लटपटत होते, मला मागून स्पष्ट दिसत होतं.

"सरकार, तलवार इथे ठेवावी लागेल."

सरदार म्हणाले, "ही तलवार आम्ही दरबारातसुद्धा काढत नाही."

"दरबार उडत नाही, सरकार," नारोपंत म्हणाले. "इथे तलवार आत गेली तर आपण दोघं वर जाऊ. आपल्याबरोबर जाण्याची माझी योग्यता नाही."

सरदारांच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. सरदारांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "फार भित्रे दिसता."

"म्हणून तर आपलं स्वागत करायला शिल्लक आहे."

तलवार फाटकावर राहिली. सरदार गेल्यावर नारोपंत ओढ्याकाठी जाऊन बराच वेळ बसले होते. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, "विसोबा, मला आता वाटलं होतं की मान गेली." मग मानेवरून हात फिरवून म्हणाले, "अजून आहे."

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या यंत्राबद्दल. तोपर्यंत घाण्याला एकच बैलजोडी होती. उसाच्या चरकाला जुंपतात तशी ती बाहेर गोल फिरायची, आणि दातेरी चाकांमधून तिची गती आत दगडाला मिळायची. एका पावसाळ्यात हुकूम आला की दसऱ्याला फौजा बाहेर पडायच्या आहेत, दारू दुप्पट हवी. कारखानीस, म्हणजे आमच्या सगळ्यांचे वरिष्ठ, घाईचे गृहस्थ. त्यांनी लगेच दुसरा चरक बसवला, दुसरी जोडी जुंपली आणि दोन्ही चरकांची चाकं एकाच मोठ्या चाकाला भिडवून टाकली. मोठा दगड घातला आणि म्हणाले, "दोन जोड्या, दुप्पट काम. यात विचार करायला काय आहे?"

विचार करायला होतं. एक जोडी तरणी, एक उतारवयातली. तरणी जोडी पुढे ओढायची, म्हातारी मागे रेंगाळायची. मग तरण्यांच्या जोराने म्हाताऱ्यांच्या चरकाचा दांडा त्यांनाच मागून ढुशी द्यायचा, ते बिचकून उधळायचे, की मग उलटी ओढाताण. मधल्या चाकाला कोणाचं ऐकावं कळेना. दाते एकमेकांवर चढायचे, करकर वाजायचे, आणि आतला दगड हिसके खात फिरायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी नारोपंत हुंगत हुंगत त्या चाकापाशी गेले, एका दात्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. दात्याची कड करपली होती. लाकडाला लाकूड घासून घासून तापलं होतं, आणि भिंतीच्या पलीकडे हातभर अंतरावर दारू होती.

त्यांनी घाणा थांबवला. कारखानीस संतापले. नारोपंतांनी करपल्या वासाचं ते बोट त्यांच्या नाकासमोर धरलं. वास घेतल्यावर कारखानिसांचा आवाज उतरला, पण दारू दुप्पट हवीच होती. "आठवडाभरात काय तो उपाय काढा, नाहीतर हाच घाणा असाच चालेल," असं म्हणून ते गेले.

त्या आठवड्यात नारोपंत जेवायचे विसरले. चिखलाची चाकं कर, सुपारी कोरून दाते पाड, मुळ्याच्या चकत्यांना काड्या टोच, असं चाललं होतं. काकू डोक्याला हात लावून बसायच्या. माझ्या तर झोपेची वाट लागली होती, कारण उपाय निघाला नाही तर त्या घाण्याच्या भिंतीला लागूनच माझी सोऱ्याची कोठी होती. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. गेलो तर स्वयंपाकघराच्या दारात बसलेले. पुढ्यात दोन पोळपाट, एक माझ्या घरून मागून नेलेला, आणि मध्ये लाटणं.

"हे धर," म्हणाले. त्यांनी एक पोळपाट खाली ठेवला, त्यावर लाटणं, आणि लाटण्यावर दुसरा पोळपाट पालथा. "वरचा पोळपाट म्हणजे तरणी जोडी, खालचा म्हणजे म्हातारी. दोन्ही सारखे पुढे सरकव. लाटणं काय करतं?"

"बरोबर पुढे जातं."

"आता खालचा धरून ठेव आणि नुसता वरचा सरकव."

सरकवला. लाटणं गडगडत पुढे गेलं, पण पोळपाटाच्या निम्मंच.

"आता एक जास्त, एक कमी."

लाटणं मधल्या कुठल्यातरी गतीने गेलं. कुठे अडलं नाही, कुठे घासलं नाही. दोन्ही पोळपाट आपापल्या चालीने गेले आणि लाटण्याने दोघांच्या मधला हिशोब आपला आपण लावला. मी चारपाच वेळा करून बघितलं. इतकी साधी गोष्ट, आणि ती बघताना माझ्या अंगावर शहारा आला.

"हाच आपला मध्यस्थ," नारोपंत म्हणाले. "दोघांचं ऐकायचं आणि कोणाचंच पूर्ण ऐकायचं नाही."

आतून काकू म्हणाल्या, "मध्यस्थाला सांगा, पोळ्या व्हायच्यात. लाटणं द्या."

इब्राहिम मिस्त्री हा दारूखान्याचा सुतार. त्याच्या आज्यापासून त्यांचं घर पुण्यात. त्याने वाघोलीकडून जुन्या बाभळीचं लाकूड आणवलं. दोन मोठी दातेरी चाकं केली, दोन ताटं एकमेकांकडे तोंड करून उभी धरावीत तशी. एक चाक एका चरकाचं, दुसरं दुसऱ्याचं. त्यांच्या मध्ये, दोघांच्याही दात्यांत दाते अडकवून, छोटी चाकं. ही छोटी चाकं एका आडव्या दांडीवर बसवलेली, आणि ती दांडी म्हणजे आपलं लाटणं. दांडी फिरली की तिची आस भिंतीतल्या भोकातून आत जाऊन घाणा फिरवायची. सगळं लाकडाचं, लाकडाच्या खुंट्यांनी जोडलेलं, एरंडेलाने माखलेलं. लोखंडाचा कण नाही. इब्राहिम मिस्त्री आणि नारोपंत यांची दिवसभर भांडणं चालायची.

"पंत, एवढ्या चाकांत एक जरी दाता तुटला तर?"

"तर तू मला दिसणार नाहीस आणि मी तुला. भांडण मिटलं."

"तुम्ही असं बोलता आणि माझा हात कापतो."

"कापू दे. ज्याचा कापत नाही तो दुसरीकडे काम करतो."

पहिल्या चाचणीला आत दारू ठेवली नव्हती, नुसता कोळसा होता. बैलांवर येसबा. हा ओढ्यापलीकडच्या वाडीतला, मोठा प्रेमळ गडी, बैलांशी माणसांपेक्षा जास्त बोलणारा. दोन्ही जोड्या चालल्या, दगड फिरला, दाते एरंडेलात मऊ सरकले. तरणी जोडी पुढे गेली तरी म्हातारीला ढुशी बसली नाही. कारखानीस खूश झाले. नारोपंत म्हणाले, "आता म्हातारी जोडी थांबव." येसबाने थांबवली, आणि भलतंच झालं. दगड जागच्या जागी थांबला आणि म्हाताऱ्या बैलांचा दांडा उलटा फिरायला लागला. तरण्या जोडीचा सगळा जोर मध्यस्थातून त्यांच्यावर आला. बिचारे बैल मागे मागे ओढले जाऊ लागले, त्यांच्या मानेवर जू चढलं, डोळे पांढरे झाले. येसबा बोंब मारत धावला आणि त्याने तरणी जोडी धरली. एका बैलाच्या खांद्याचं कातडं सोललं होतं.

"पंत, ह्यो तुमचा मध्यस्त हाय का दरवडेखोर?" तो रडत म्हणाला.

नारोपंत पांढरेफटक पडले होते.  दुसऱ्या दिवशी इब्राहिमला सांगून त्यांनी प्रत्येक चरकाच्या बुंध्याशी एकेक लाकडी खिटी बसवून घेतली. चरक पुढे फिरताना खिटी दात्यांवरून टकटक उड्या मारत जायची आणि चरक मागे जाऊ लागला की दात्यात रुतून बसायची. मग एक जोडी थांबली तरी तिचा चरक जागेवर राहायचा आणि दगड निम्म्या चालीने फिरत राहायचा. एक खोड मात्र उरली. दोन्ही जोड्या एकदम थांबवल्या तर खिट्या कडकन रुतायच्या आणि आत दगडाला जोराचा हिसका बसायचा. म्हणून आधी एक जोडी थांबवायची, मग सावकाश दुसरी, असा नारोपंतांनी नियम घातला. शिवाय कारखानिसांकडून एक जाहीर हुकूम काढवून घेतला. घाण्यात जो लोखंड आणेल, तो कोणी का असेना, त्याच्या पायात बेडी घालून त्याला गडावर पाठवायचं.

घाणा चालू लागला. दिवसभर ती टकटक ऐकू यायची, आणि ती ऐकत मी पोती मोजायचो. लोकांना वाटलं होतं पंतांची भीती आता जाईल. उलट वाढली. ते म्हणायचे, "आधी काय बिघडेल ते ठाऊक होतं. आता ठाऊक नाही." आणि पेठेत जो तो यंत्राची वाखाणणी करू लागला तसा काकूंच्याही मनाला एक वेगळाच घोर लागला. एवढं नाव झालं, एवढ्या लोकांची नजर पडली, एखाद्याची वाईट नसेल कशावरून? त्या मला विचारायच्या, "विसोबा, तिथे काही बांधलंय की नाही रे? लिंबू, बिब्बा?" मी म्हणायचो, "काकू, पंत माशीलासुद्धा झडती घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत." त्या हसायच्या नाहीत.

खंडे नवमीला आम्ही घाण्याची पूजा केली. पूजा म्हणजे नारोपंतांच्या पद्धतीची. आत फक्त हळद, कुंकू आणि झेंडूच्या माळा. निरांजन आणि उदबत्ती फाटकाबाहेर, तीही वाऱ्याची दिशा बघून. भटजी म्हणाले, देवीला इतक्या लांबून आरती कशी पोचेल? नारोपंत म्हणाले, "देवीला दिसतं. नसेल दिसत तर आपण तिच्याकडेच पोचू." दसऱ्याला सगळे सोनं लुटायला गेले आणि दारूखान्याला कुलूप लागलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नेहमीच्या वेळेला निघालो. लकडी पूल तेव्हा नव्हता, नदी उतरून जावं लागे. पलीकडच्या चढावर आलो आणि नारोपंत एकदम थांबले. लांबून टकटक ऐकू येत होती.

"विसोबा, घाणा सुरू आहे."

फौजांची मागणी अजून पुरी झाली नव्हती, आणि कारखानिसांना घाई होती. ते पहाटेच येऊन बसले होते आणि त्यांनी पंतांची वाट न बघता काम सुरू करायला लावलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी नारोपंतांना भरभर चालताना पाहिलं. आत गेलो. चार गडी दगडामागे फावड्यांनी माल सारत होते. झेंडूच्या माळा सुकून दांड्यावरच लटकत होत्या. दोन दिवसांत पाटाच्या कडेची दारू वाळून तिचा भुगा झाला होता. नारोपंतांनी दगडाचा आडवा दांडा समोरून जाताना बघितला, आणि त्यांच्या घशातून एक बारीक आवाज आला.

दांड्याच्या खालच्या अंगाला, माळेच्या आड, एक खिळा होता. घोड्याच्या नालेचा, हळदीने माखलेला. कोणीतरी तो लाकडाच्या चिरेत ठोकला होता आणि हादऱ्यांनी तो निम्म्याहून जास्त बाहेर आला होता. दांड्याबरोबर तो गोल फिरत होता, लोंबत, खाली घाण्याचा दगडी पाट आणि त्याच्यामागून येणारा दगड. पडला असता तर पुढच्याच क्षणी दगड त्याच्यावरून गेला असता.

माझे पाय जमिनीला चिकटले.  नारोपंतांनी गड्यांना हाताने खूण केली, बाहेर. मग दाराजवळचे पाण्याचे माठ बघितले. कोरडे. सणामुळे पखालवाला आला नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "येसबाला सांग, एकदम थांबवू नको. हिसका बसला की हा पडेल. आधी म्हातारी जोडी थांबव, मग तरणी हळू, आणखी हळू. आणि पळू नकोस. तू पळालास तर सगळे पळतील, बैलसुद्धा."

"आणि तुम्ही, पंत?"

 त्यांनी अंगावरचं उपरणं हाताला गुंडाळलं, पाटाच्या कडेवर चढले आणि दांड्याच्या मागोमाग चालू लागले. हळदीने निसरडा झालेला खिळा चालत्या दांड्यातून उपटायला जाणं म्हणजे तो निसटून दारूत उडवणं. म्हणून त्यांनी नुसता तळहात खिळ्याखाली धरला. दांडा चालेल तसे ते चालत होते, गोल, आणि दगड त्यांच्या टाचेमागे येत होता.

मी चालत गेलो. आयुष्यात इतकं अवघड चालणं मला कधी करावं लागलं नाही. येसबाला निरोप सांगितला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता म्हाताऱ्या जोडीला चुचकारत उभं केलं. एका चरकाची टकटक बंद झाली. मी दाराशी परत आलो. दगड आता निम्म्या चालीने फिरत होता, आणि नारोपंतही. त्यांचे डोळे त्या खिळ्यावर होते आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. सगळं अंग थरथरत होतं, फक्त तो एक हात स्थिर होता. धोतर ओलं झालं होतं, घामाने की कशाने ते मी बघितलं नाही. टकटक मंद झाली, आणखी मंद झाली. एका बाजूला माझा जीव घेऊन पळून जावं असं मला फार वाटत होतं, आणि त्या माणसाला तिथे एकटं सोडून जाववत नव्हतं.

शेवटची टक झाली, दगड किंचित मागे सरला, दांडा हलला आणि खिळा त्यांच्या हातात पडला. नारोपंतांनी मूठ मिटली. मग ते खाली उतरले आणि जमिनीवर बसले.

येसबा धावत आत आला. मिटलेली मूठ बघून त्याला कळलं. त्याने पंतांच्या पायावर डोकं घातलं. "पंत, म्याच ठोकला. काकूंनी दिला व्हता, मंतरून. पूजेच्या हळदीत लपवून आत न्हेला. म्हन्ल्या, येसबा, यंत्राला लई नजर लागलीया, जिथं धोका जास्त तिथं ठोक. मला वाटलं तुमचं बरं व्हईल."

नारोपंतांनी त्याचं डोकं पायावरून उचललं. रागाने नाही. मग म्हणाले, "बोललास ना? झालं. आता पुन्हा बोलू नकोस. ऊठ."

बाहेर कारखानीस उभे होते, गड्यांनी त्यांना खिळ्याचं सांगितलं होतं. भ्यालेला अधिकारी ओरडतो तसे ते ओरडत होते. खिळा कोणाचा? हुकूम ठाऊक आहे ना? आत्ताच्या आत्ता नाव पाहिजे, बेडी घालतो. येसबाचा चेहरा मातीसारखा झाला. नारोपंतांनी मूठ उघडली.

"माझा आहे."

कारखानीस थक्क झाले. "तुमचा? अहो पंत, तुम्ही लोकांच्या जानव्याच्या किल्ल्या काढायला लावता!"

"नजर लागू नये म्हणून ठोकला," नारोपंत म्हणाले. "माणूस आहे. भ्यालो."

कोणाचा विश्वास बसला नाही, कारखानिसांचाही नाही. पण कबुली कबुली असते, आणि साक्षीला सगळे गडी उभे. वाट न बघता घाणा सुरू केला ही चूक त्यांचीच होती, तीही त्यांच्या मनात असणार. त्यांनी बेडी घातली नाही. नोकरी गेली, पुणं सोडून जायचं असा हुकूम झाला.  ते ऐकायला मी त्यांच्या शेजारी उभा होतो, आणि खरं बोलायला मला तोंड उघडायचं होतं, पण त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोलता आलं नाही.

परतीच्या वाटेवर नदी उतरून आल्यावर त्यांनी मला एकच सांगितलं. "तिला कळता कामा नये, विसोबा. मी एवढी वर्षं भीतीबरोबर राहिलोय, मला सवय आहे. ही भीती तिला पेलायची नाही." घरी त्यांनी सांगितलं की कारखानिसांशी भांडण झालं. काकूंना ते लगेच पटलं. "जिभेला हाड नाही तुमच्या," म्हणून त्या दोन दिवस बोलत होत्या आणि सामान बांधत होत्या. त्यांचं माहेर वाघोलीच्या पलीकडे होतं, तिकडे जायचं ठरलं.

गाडी निघाली त्या सकाळी मी वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. येसबाने स्वतःची गाडी आणली होती आणि तो कोणाकडेही बघत नव्हता. इब्राहिम मिस्त्री वेशीवर येऊन उभा होता. नारोपंत गाडीच्या मागच्या अंगाला पाठ फिरवून बसले होते. काकूंनी मला जवळ बोलावलं. त्यांचा चेहरा मला कित्येक वर्षांत पहिल्यांदा मोकळा दिसला.

"विसोबा, तुला म्हणून सांगते," त्या हळूच म्हणाल्या, पण पंतांना ऐकू जाईल इतपत. "यांना ठाऊक नाही. मी नवमीला त्या घाण्यात एक खिळा ठोकून घेतला होता. मंतरलेला. बघ ना, नोकरी गेली तर गेली, पण माणूस त्या जागेतून धडधाकट बाहेर पडला. आधीच्यांचं काय झालं ते आठवतंय ना? खिळ्यानेच वाचवलं."

 येसबाच्या हातातला कासरा खाली पडला. मी नारोपंतांच्या पाठीकडे बघत राहिलो. अशा बोलण्यावर या माणसाने आजवर कोणाला सोडलं नव्हतं, सरदारालासुद्धा नाही. ते वळले. आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं आहे," ते म्हणाले. "त्यानेच वाचलो."

काकू एवढ्या खूश झाल्या की त्यांना रडू आलं. येसबाने वाकून कासरा उचलला आणि गाडी हलली.